शांत पोर

आषाढातला दिवस. कुडाळात पहाटेपासून धो धो पाऊस आणि वीज गेलेली. इन्व्हर्टरवर एक ट्यूब आणि पंखा चालत होता, त्यातला पंखा मी बंद केला. बाळाचे सगळे कपडे काढून फक्त लंगोट ठेवायचा होता आणि गारठलेलं बाळ हातपाय आखडून घेतं. आमच्या टेबलावरची गादी मध्ये खचलेली, म्हणून जमिनीवर सतरंजी अंथरली. तपासणीला खाली टणक लागतं.

"पोरगो शांत आसा म्हणान आमी खूश होतो," आजी म्हणाली. "रडणा नाय, किरकिर नाय."

साडेचार महिन्यांचा मुलगा, देवगडकडचा. आधी एके ठिकाणी दाखवलं होतं. तिथे सांगितलं, बाळ आळशी आहे, उशिरा चालेल. या 'आळशी बाळा'ची मला फार चीड आहे. साडेचार महिन्यांचं पोर आळस शिकलं कुठे? नंतरच्या बालरोगतज्ज्ञांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, पाय उडाला नाही. जीभ पाहिली आणि रक्त जनुक तपासणीला पाठवलं. अहवालात एसएमएन१ जनुकाचा तुकडा नव्हता. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, टाइप १, म्हणजे स्नायूंची ताकद जात राहणारा जनुकीय आजार. मुंबईला जाण्याआधी आजची ताकद आकड्यात मांडून द्यायची, म्हणून माझ्याकडे, फिजिओथेरपीला आले.

सतरंजीवर ठेवल्याबरोबर पाय बेडकासारखे दोन्हीकडे पडले. श्वास घेताना पोट वर यायचं आणि छाती आत जायची. तोंड उघडं असताना जीभ पाहिली (रडत असताना पाहून उपयोग नसतो, रडताना सगळ्यांचीच हलते). दूध उतू जायच्या आधी साय जशी थरथरते, तशी कडांना थरथर. चेहरा मात्र लख्ख! मी लोकरीचा लाल गोंडा फिरवला तशी नजर त्याच्या मागोमाग गेली आणि बाळ खुदकन हसलं. या आजारात बुद्धीला धक्का नसतो. चेतापेशी मरतात त्या मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या.

चाचणीचं नाव चॉप इंटेंड. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयात अशाच बाळांसाठी बसवलेली. १६ बाबी, प्रत्येकीला ० ते ४ गुण, एकूण ६४. हात आपणहून किती हलतो? नुसती बोटं हलली तर १, मनगट हललं तर २, हात कोपरापासून वर उचलला तर ३, कोपरच जमिनीवरून सुटलं तर ४. उजवी-डावी दोन्ही बाजू पाहायच्या आणि बरी असेल ती मोजायची.

वाचायला सोपं आहे. पण फिजिओथेरपिस्टचा हात आधार द्यायला शिकलेला असतो. समोर पाय उचलत नसेल तर आपली बोटं आपोआप टाचेखाली जातात. इथे मात्र नुसतं बघत थांबायचं. पाय धरून कुशीकडे वळवायचं आणि पुढचं बाळ स्वतः करतं का, याची वाट पाहायची. मान पुढे येते का, याचीही. आलीच नाही. ते पाहवत नव्हतं.

आई मोबाइलवर चित्रीकरण करत होती. मीच सांगितलं होतं, मुंबईला दाखवता येईल म्हणून.

मग पकड. बाळाच्या तळहातात माझं बोट दिलं, त्याने मुठीत धरलं. हळू वर ओढलं, मूठ सुटली नाही आणि हात मनगटापासून कोपरापर्यंत सतरंजीवरून उचलला गेला. २ लिहिले. बेरीज १९.

"चौसटातले किती?" आजीने विचारलं. सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली.

आई-बाप मामे-आते भावंडं. बापाने हळूच विचारलं, "त्यामुळेच का?" सहसा दोघेही या बिघडलेल्या जनुकाचे वाहक निघाले तरच असं होतं, मग दर खेपेला चारात एक शक्यता. नात्यात लग्न असलं की दोघे वाहक निघण्याचा संभव वाढतो. एवढंच सांगितलं. पुढच्या खेपेआधी तपासणी करता येते, हेही सांगितलं. आजी खिडकीबाहेर पाहत होती.

जायच्या आधी चित्रीकरण पुन्हा पाहिलं. पकडीपाशी थांबवलं. माझा अंगठा बाळाच्या मनगटाखाली होता. हात मीच उचलला होता.

खाली बसून पुन्हा केलं. या वेळी अंगठा दूर. हात उचलायला लागताच बोटं एकेक करून सुटली. आणखी दोनदा केलं, तेच. ओढ न देता मात्र बोट घट्ट धरून ठेवायचा. २ खोडून १ केला, बाजूला सही केली. एकूण १८.

"एक कमी केलात?" आईने विचारलं. आवाजात राग होता आणि तो बरोबर होता.

मी म्हटलं, "मुंबईत औषध सुरू झालं की सहा महिन्यांनी हेच सगळं पुन्हा मोजतील. तेव्हा त्याने खरंच दोन मिळवले, तर ते दिसायला हवेत. आज मी माझा एक गुण त्याच्या खात्यात घातला, तर त्याने मिळवलेला दिसणारच नाही."

औषधाचं कितपत जमेल, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रिस्डिप्लाम रोज तोंडाने द्यायचं, तेही कायम. राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण २०२१ खाली मदतीचा अर्ज मुंबईच्या केईएम रुग्णालयातून होतो, म्हणून रात्रीच्या कोकणकन्येची तिकिटं काढली होती.

आईने कागद घेतला, चौघडी घातली, साडीच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड दोन गाठी मारून बांधलं. बाहेर पाऊस होताच. आजीने बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि छत्री बाळावर धरली.