डावी गोणी, उजवी गोणी

स्काऊटच्या राज्य पुरस्काराच्या शिफारशीचा एक अर्ज टेबलावर पडून आहे. सही होईना. कारण एक घोडी.

डिसेंबरात आमच्या शाळेच्या स्काऊट पथकाची कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी ते कणकुंबी पदभ्रमंती ठरली, शक्य तिथं हमरस्ता सोडून आडवाटेनं. वनखात्याचा अर्ज कन्नडमधून, शाळेचा ठराव मराठीतून. ते शिक्के गोळा करण्यापेक्षा घाट चढणं सोपं! तंबू-भांड्यांसाठी जीप न घेता ओझ्याचं जनावर घ्यायचं, हा हट्ट माझा. भातकापणी झाली की धनगर आमच्याकडे शेतात खतासाठी बकरी बसवायला येतात. त्यांच्यातल्या एका मामांनी घोडी दिली आणि स्वतःही सोबत आले.

घोडीवर ओझं लादणं हे बाहेरच्यांना हमालीचं काम वाटतं. आधी पाठ हातानं चाचपायची. घोंगडीखाली एक कुसळ राहिलं तरी संध्याकाळपर्यंत जखम होते. मग खोगीर, मग तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा. तंग आवळताना घोडी पोट फुगवते, म्हणून दहा मिनिटं चालवून तो पुन्हा आवळायचा. उतारावर खोगीर पुढं सरकू नये म्हणून शेपटीखालून पट्टा. दोन्ही गोण्या स्प्रिंगकाट्यावर तोलायच्या. डावीकडं तांदूळ-डाळ, उजवीकडं भांडी. तीही गोणपाटात गुंडाळून, कारण खडखडाटानं जनावर बिचकतं. मुलांनी दोन्ही बाजू तंतोतंत जुळवल्या तेव्हा मामा नुसतं "हं" म्हणाले. त्यांच्याकडून एवढंच मिळतं.

दुपारपर्यंत घोडी झकास चालली. जेवणानंतर जांभ्याच्या उतारावर ती मागचा भाग तिरका टाकू लागली आणि ओढ्याच्या अलीकडं थांबली ती हलेचना. पोरं लगाम ओढायला लागली. मामा ओरडले, "सोडा तिला! घोडं लंगडं न्हाई सर, वज्जं वाकडं हाय."

ताडपत्री काढली. उजव्या गोणीवर एक सॅक. काट्यावर सात किलो भरली. खोगीर एका अंगाला कलंडून खांद्यामागं तळहाताएवढी कातडी सोलली होती. मामांनी हळद-खोबरेल लावलं, कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

सॅक पथकातल्या सगळ्यात लहान पोराची. त्याच्या टाचेला फोड आला होता. रडत म्हणाला, "मला वाटलं सरांनीच ठेवायला सांगितलंय." कुणी सांगितलं? गप्प. सगळं पथक गप्प.

पण दोरी बोलत होती. इतर पोरं गाठीवर गाठ मारत सुटतात. सोडवायला मग दात लागतात. ही क्लोव्ह हिच होती, स्काऊटला शिकवतात ती गाठ, आणि पुढचं टोक एका ओढीत सुटेल असं आत दुमडलेलं. माझ्या पथकात असं टोक एकच जण दुमडतो. संघनायक, पथकातल्या एका तुकडीचा म्होरक्या. अर्ज त्याचाच आहे.

सगळ्यांसमोर मी नाव घेतलं नाही. सामान वाटून पाठीवर घेतलं. संघनायकानं न सांगता तांदळाची गोणी उचलली आणि कणकुंबीपर्यंत खाली ठेवली नाही. घोडी मोकळी चालली. अंधार पडता पडता माउलीच्या देवळाशी पोचलो.

स्काऊटचा तिसरा नियम सांगतो, स्काऊट प्रत्येक स्काऊटचा बंधू असतो. पाचवा सांगतो, तो प्राणिमात्रांचा मित्र असतो. त्यानं तिसरा पाळला, पाचवा मोडला. एवढंच असतं तर मी डोळे झाकून सही केली असती. पण "सरांनी सांगितलंय" हे जे बोलला, ते पहिल्या नियमात येतं: स्काऊट विश्वसनीय असतो. आणि तरीही, लंगडणाऱ्या पोराकडं त्या दिवशी पाहिलं कुणी, तर त्यानंच.

एक सहकारी म्हणाले, "घोडीपायी पोराचं वर्ष घालवता काय?" या गृहस्थांनी जन्मात तंग आवळलेला नाही. मामांना जखमेमुळं घोडी आठवडाभर बिनकामाची ठेवावी लागली, त्याचं भाडं मागितलं तर शाळेचं कार्यालय म्हणतं, खर्चाचं असं शीर्षच नाही. खिशातून दिलं.

परवा संघनायक स्टाफरूममध्ये आला, ध्वजस्तंभाची दोरी झिजलीय, बदलू का म्हणून विचारून गेला. अर्जाचं त्यानं विचारलं नाही, मीही काढलं नाही. मुदत शुक्रवारी संपते.