ताडोबाला जायचं तर आधी गेट ठरवा

नणंद आणि तिची मंडळी मार्चमध्ये ताडोबा बघायला येणार, हे दिवाळीतच ठरलं होतं. आमचे जावईबापू पुण्याचे, त्यांचं काम नीटनेटकं. त्यांनी व्हॉट्सअॅपवर एक एक्सेल शीटच पाठवली. शनिवार-रविवारात चार सफारी, मधल्या वेळात आनंदवन, जमल्यास मार्कंड्याचं देऊळ, आणि परत येताना हेमलकसा. हेमलकसा पार भामरागडला, गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाला आहे. नकाशावर विदर्भ बोटभर दिसतो हे खरं, पण इथे गाडीत बसलं की संध्याकाळ होईस्तोवर जंगल आणि कपाशीच संपत नाही. मी फोन केला आणि म्हटलं, "भाऊजी, आधी गेट ठरवू, बाकीचं मग."

ताडोब्याचं बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते हेच. लोक आधी रिसॉर्ट बघतात, त्याचे फोटो, तिथला स्विमिंग पूल, आणि मग सफारी. खरं तर क्रम उलटा हवा. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्यात, शिरायला मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी वेगवेगळी गेटं आहेत, आणि ज्या गेटातून आत गेलात त्याच गेटातून वेळेच्या आत बाहेर पडावं लागतं. एका टोकाला मुक्काम आणि दुसऱ्या टोकाला सफारी असं झालं, तर बाहेरून वळसा घालण्यात दोन तास मोडतात, तेही पहाटेच्या अंधारात. म्हणून छोट्या सहलीत एकच बाजू धरावी. गेट, मग त्या गेटाची मिळेल ती तारीख, मग मुक्काम.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, जाम चौरस्त्यापासून जवळ. इथून ताडोब्याला दोन वाटा फुटतात. समुद्रपूर, गिरड, चिमूर करत गेलं की कोलारा गेट. आणि वरोरा, भद्रावती, चंद्रपूर करत गेलं की मोहर्ली. कोलाऱ्याकडे जरा निवांत, नागपूरहून येणाऱ्यांना तेच जवळ. मी मनातून कोलाऱ्याच्या बाजूची. पण निर्णय सासूबाईंनी लावला. "चंद्रपूरवरून जाता अन् महाकालीले हात न जोडता येता? मी नाही येत मंग." झालं, मोहर्ली पक्की.

त्यावरून तारखाही आपोआप बसल्या. ताडोब्याचं कोअर मंगळवारी बंद असतं, आणि मंगळवार हा देवीचा वार. रविवारी दुपारी बफर, म्हणजे कोअरभोवतीचं जंगल, सोमवारी सकाळी कोअर, मंगळवारी महाकालीचं दर्शन आणि घर. शनिवार-रविवारचे सफारीचे दर जास्त असतात, तेही सोमवारच्या कोअरमुळे वाचले. जावईबापूंना दोन सुट्ट्या टाकाव्या लागल्या, त्याची कुरकुर थोडी ऐकली. चैत्रात महाकालीची मोठी जत्रा भरते, मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक येतात, तेव्हा चंद्रपुरात पाय ठेवायला जागा नसते. आम्ही होळीनंतर लगेच, जत्रेच्या आधी गेलो.

बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर होतं. एका जिप्सीत सहा पर्यटक, वर गाइड आणि ड्रायव्हर. प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा नंबर टाकावा लागतो, आणि गेटवर तेच मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. मोहर्लीच्या कोअरचं सुट्टीच्या दिवसांचं बुकिंग फार लवकर भरतं. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, कोअर बंद असतं. ऑक्टोबरात उघडतं तेव्हा जंगल हिरवंगार, पण गवत इतकं वाढलेलं की हत्ती उभा असला तरी दिसू नये. एप्रिल-मे मध्ये प्राणी पाणवठ्यावर हमखास येतात, पण चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने सोसला नाही त्याने उघड्या जिप्सीत दुपारी तीनला बसण्याचं धाडस विचार करूनच करावं. मार्च मला बरा वाटतो. पळस फुललेला, साग निष्पर्ण होत आलेला, म्हणून आतवर नजर जाते.

रविवारी वरोरा, भद्रावती मागे टाकत चंद्रपूर गाठलं. मोहर्लीकडे वळल्यावर सुरुवातीला जंगल कुठेच दिसत नाही. दुर्गापूर, ऊर्जानगर, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, कोळशाचे ट्रक, रस्त्याच्या कडेला काळी धूळ. भाचा विचारत होता, वाघ कुठे राहतात? मी म्हटलं, इथेही राहतात. थट्टा नव्हती ती, वीज केंद्राच्या आवारात वाघ आणि बिबटे फिरतात, आणि तिथली माणसं जीव मुठीत धरून ड्यूटीला जातात. पुढे पद्मापूरच्या नाक्यानंतर एकदम साग आणि बांबू सुरू होतो, आणि इरई धरणाचं पाणी दिसायला लागतं. याच धरणाचं पाणी त्या वीज केंद्राला जातं.

दुपारची सफारी आगरझरीच्या बफरमध्ये. "बफर म्हणजे दुय्यम" असं बरेच जण समजतात, कोअर मिळालं नाही म्हणून नाइलाजाने घेतात. मला ते पटत नाही. वाघाला कोअर-बफरची रेघ कुठे दिसते? आणि बफरमध्ये गावं आहेत, शेतं आहेत, गुरं आहेत. ताडोबा समजून घ्यायचा तर तो इथे कळतो.

आमची गाइड जवळच्याच गावची. तिशीतली, अंगात खाकी शर्ट, पायात बूट. गावातल्या बाया आता गाइड म्हणून काम करतात. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिप्सीत चढवताना जरा कसरत झाली, पण एकदा बसल्यावर दोघींचं जे जमलं ते विचारू नका. वाघ शोधायचा सोडून दोघी झाडं मोजायला लागल्या. हा ऐन, हा धावडा, हा बिजा, ते चाराचं झाड, याचीच चारोळी. टेंबराला फळ धरलंय का, यावर चर्चा. कांडोळाचं पांढरंफटक झाड आलं तेव्हा गाइडताईने मुलांना सांगितलं की चांदण्या रात्री हे असं चमकतं की नवखा माणूस भूत समजून पळतो. मुलं त्यावर वाघापेक्षा जास्त खूश.

एका मोहाच्या झाडाखाली जमीन झाडून साफ केलेली होती. मोह रात्री गळतो आणि पहाटे वेचावा लागतो, ऊन चढलं की फूल कोमेजतं आणि गुरं-हरणं खाऊन जातात. ताई स्वतःही मोसमात पहाटे मोह वेचायला जाते, मग घरी येऊन आंघोळ, स्वयंपाक, आणि मग गाइडची ड्यूटी. मे महिन्यात तेंदूपत्ता. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्याच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यात मोह वेचणारी, तेंदू तोडणारी, सरपण आणायला गेलेली, गुरं राखणारी माणसंच जास्त असतात. वाकून किंवा उकिडवं बसलेलं माणूस वाघाला माणूस वाटतच नाही, असं ती म्हणाली.

सासूबाई म्हणाल्या, "अन् असा वाघ पायले लोकं पुण्याहून पैसे देऊन येतात!"

"हो जी आजी," ताई हसली. "सकाळी मोहाले जातो तवा देवाले म्हनतो, दिसू नको देऊ. दुपारी जिप्सीत बसलो का म्हनतो, दिसू दे बा."

ड्रायव्हर मोठ्याने हसला. जावईबापू हसले नाहीत, त्यांनी दुर्बीण खाली ठेवली आणि तिला गावाबद्दल बरंच काही विचारलं. जिप्सी, गाइडची फी, होमस्टे यातून गावात पैसा येतो, ते ती नाकारत नव्हती. तिच्या मुलीची शाळा त्यातून चालते. पण ज्यांच्या घरात गाइड नाही की जिप्सी नाही, त्यांच्या वाट्याला वाघ तेवढा येतो, हेही तिनेच सांगितलं. त्या दुपारी आम्हाला चितळ, सांबर, एक अस्वलाने उकरलेलं वारूळ आणि भरपूर मोर दिसले.

रात्री मुक्कामाच्या घरी भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. पुणेकरांनी जवसाच्या चटणीची पाककृती लिहून घेतली.

सोमवारी पहाटे मोहर्ली गेटवर मार्चमध्येही स्वेटर लागला. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. कुठे वाघ दिसला की फोनाफोनी व्हायची आणि सगळ्या गाड्या तिकडे सुसाट सुटायच्या, म्हणून हा नियम. मला तो फार आवडला, कारण सकाळभर कोणी खाली मान घालून बसलं नव्हतं.

वाघ दिसला. पाणवठ्याजवळून एक वाघीण उठली, रस्ता ओलांडून बांबूत गेली, मिनिटभराचा खेळ. तिच्या आधी चितळाचा धोक्याचा कॉल, मग वानराचा, आणि मग मागून आलेल्या डझनभर जिप्सी, त्यात उभी राहिलेली माणसं आणि एकमेकांच्या खांद्यावरून काढलेल्या लेन्सा. फोन नसूनही बातमी कशी पोचते देव जाणे.

मला त्या सकाळचं जे आवडलं ते रस्त्याकडेचे जुने दगडी खांब. गोंड राजांच्या काळातले म्हणतात. खांबांतून दोर ओवून, त्यांना घंटा बांधून राजाच्या येण्याची वर्दी पुढे दिली जायची, असं गाइड सांगतात. आणि ताडोबा तलाव. ज्या तारू देवावरून या जंगलाला नाव पडलं, त्याचं ठाणं तलावाच्या काठी आहे. तारू हा गावप्रमुख, वाघाशी झुंजताना मेला आणि गोंडांचा देव झाला, अशी कथा. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरते. तलावाच्या काठावर मगर ऊन खात पडली होती. हे 1955 साली झालेलं महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान. पुढे अंधारी अभयारण्य जोडून 1995 मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. नवेगाव, जामणीसारखी गावं त्यासाठी जंगलाबाहेर गेली. आज त्या जागी गवताची कुरणं आहेत, आणि गाइड "इथे सायटिंग चांगलं होतं" असं सांगतात. गाव उठलं म्हणून गवत, गवत म्हणून चितळ, चितळ म्हणून वाघ. हा हिशेब डोळ्यांनी दिसतो, पण उठलेल्या माणसांचं काय झालं हे जिप्सीतून दिसत नाही.

मंगळवारी महाकालीला गर्दी होती, पण रांग सरकती होती. जटपुरा गेटातून गाडी काढताना गोंडकालीन परकोटापेक्षा ट्रॅफिकच जास्त बघितला. सासूबाईंनी ओटी भरली. आनंदवन वाटेवरच पडतं, तिथे थांबलो. हेमलकसा आणि मार्कंडा एक्सेलमध्येच राहिले.

घरी परतताना जावईबापूंना पुढची सहल सुचली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री बफरमधल्या मचाणीवर बसून पाणवठ्यावरचे प्राणी बघता येतात, "निसर्गानुभव" म्हणतात त्याला, त्याचं बुकिंग करायचं. त्यांनी मागच्या सीटवर सासूबाईंना विचारलं, "आई, तुम्ही याल?"

"रातभर मचाणीवर बसाले?" त्या म्हणाल्या. "त्यापरीस आपल्या वावरात या जवाईबापू. उन्हाळी भुईमूग राहते तवा. जागलीले मानूस भेटून नाही राह्यलं, अन् डुकरं तं तुमाले बुकिंग नसलं तरी दिसन."