फायबर गंजत नाही, बाकी सगळं गंजतं: आमच्या स्टॉर्मची ताजी खबर

मे महिन्यात उघडलेली कामं ऑक्टोबरात येऊन एकदाची आटोपली. गाडी पुन्हा रस्त्यावर आहे आणि वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना रात्री समोरचं दिसतंय, हीच यंदाची मोठी बातमी.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सॅन स्टॉर्म ही गोव्यात बनलेली दोन सीटची, उघड्या टपाची गाडी. अंग फायबरचं आणि इंजिन रेनॉ या फ्रेंच कंपनीचं, डी७एफ मॉडेलचं, ११४९ सीसी, साधारण ६० हॉर्सपॉवर. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर हसणारे हसतात. ती नुसत्या वेगाने पळणारी गाडी नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण बुटकी, हलकी, टप काढलेली गाडी सागरी रस्त्याच्या वळणांवर साठच्या स्पीडने जे सुख देते, ते आजच्या उंच एसयूव्हीत शंभरनेही मिळत नाही.

घरी येणारा प्रत्येक जण एकच वाक्य टाकतो, "फायबर आहे ना, मग खाऱ्या हवेची चिंता नाही." निम्मंच खरं आहे ते. पत्र्याच्या गाडीला गंज लागला की रंगाला फोड येतो आणि आपल्याला कळतं. इथे वरून सगळं चकाचक असतं. चासी (खालचा लोखंडी सांगाडा), बोल्ट, ब्रेकचे पाइप आणि वायरींची टोकं मात्र आत गुपचूप सडत असतात.

वायरींपासूनच सुरुवात केली. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद पेटायचा. उजवा इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा त्याच्या तालावर मिणमिणायचा. हेडलाइट तर नावालाच. पत्र्याच्या गाडीत सगळी बॉडीच अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट, असते, दिवा जिथे बसवाल तिथे निगेटिव्ह हाताशी. फायबरमधून करंट जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याची अर्थची वायर वेगळी ओढून चासीपर्यंत न्यावी लागते. ती जिथे बोल्टखाली आवळलेली असते तिथे खारी हवा बसली, की करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून जातो. भलताच दिवा पेटतो तो त्यामुळे.

अशा वेळी बल्ब बदलत बसून उपयोग नसतो. मल्टिमीटर काढावा. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं दिव्याच्या निगेटिव्हवर. पाव व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. माझ्याकडे उजव्या दिव्याला १.३ आला. पॉझिटिव्हच्या बाजूने, म्हणजे जुना स्विच आणि बारीक वायर मिळून, आणखी ०.९ जात होते. बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि बल्बच्या वाट्याला ११.९. यात गोम अशी की फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घसरलं तर उजेड जवळपास तीस टक्क्यांनी जातो.

मग अर्थच्या सगळ्या वायरी उपटल्या. पुढे एक आणि मागे एक अशा पितळी पट्ट्या बसवल्या, सगळ्या दिव्यांचे निगेटिव्ह त्यांवर आणले, आणि तिथून जाड केबल चासीला व थेट बॅटरीला दिली. वायर घेतली ती बोटीच्या वायरिंगची, कथील चढवलेल्या तांब्याची. महाग पडते, पण साधी तांब्याची तार आपल्या हवेत इन्सुलेशनच्या आतून काळी पडत जाते, सोलून बघा. वायरीच्या टोकाला लग (बोल्टाखाली बसणारी धातूची कडी) दाबून क्रिंप करून त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. चासीवर बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत, दातेरी वॉशर, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. हेडलाइटला लो आणि हायसाठी वेगवेगळे रिले (थोड्या करंटवर चालणारे, मोठा करंट जोडणारे स्विच) आणि फ्यूज दिले, त्यामुळे स्विचवर आता नाममात्र करंट येतो. बल्बवर १३.७ मिळतात. वॅटेज एका वॅटनेही वाढवलेलं नाही.

आता फायबर. पुढच्या डाव्या चाकावरची कमान कोणे एके काळी कुठेतरी आपटली होती आणि मागल्या मालकाने तिच्यावर पुटी लिंपून रंग मारला होता. पुटी लवत नाही, फायबर लवतं, त्यामुळे चीर दर वर्षी पुन्हा वर. जवळच्या एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याने पुन्हा पुटीच सुचवली. शेवटी किनाऱ्यावर होड्यांचं फायबर करणाऱ्या काकांकडे गाडी नेली. त्यांनी ती भोवती फिरून पाहिली, चाकाआड वाकून आतून टकटक केलं आणि म्हणाले, "गाडी कसली, होडीच आसा ही. चाकां लायली म्हणान काय झाला?"

त्यांचं काम बघण्यासारखं होतं. चीर बाहेरून भरलीच नाही. चाकाच्या आतल्या बाजूने ग्राइंडर लावून ती जागा लांबवर उतरती घासत नेली, कडेला जाड आणि चिरेपाशी पातळ, म्हणजे नव्या थराला धरायला भरपूर जागा मिळते. ॲसिटोनने पुसून मग मॅटचे, म्हणजे काचेच्या तंतूंच्या चादरीचे, तुकडे एकावर एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ब्रशने रेझिन (वाळून कडक होणारा चिकट द्रव), पाठोपाठ रोलर. मॅट पांढरी दिसली की आत हवा आहे, पारदर्शक झाली की रेझिन मुरलं. मी वाटीत रेझिन घट्ट करणारं हार्डनर ओतायला गेलो तर हात धरला, "कमी घाल रे, ह्या उनात वाटीतच दगड होतलो." हार्डनर एरवी रेझिनच्या एक ते दोन टक्के लागतं, मेच्या उन्हात खालचा आकडा पुरतो. घरी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगतो: कोबाल्टचं ॲक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये नीट ढवळायचं, मग दुसरं. मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. काचेची धूळ अंगाला लागली तर ती खाज आंघोळीने जात नाही.

हे सगळं पावसाच्या आत उरकणं भाग होतं. दमट हवेत रेझिन चिकट राहतं. शिवाय १ जूनला मासेमारीबंदी लागली की होड्या वर येतात आणि काकांकडे आपल्या गाडीला कोण विचारतो. पुढे अख्खा पावसाळा गेला, पण कमानीवर केसाएवढी रेघ नाही.

चासी मात्र जीव खाते. जांभ्याची तांबडी माती पट्ट्यांच्या बेचक्यात बसते आणि ओल धरून ठेवते, वरून खार. आधी सगळं धुतलं. इथे किनाऱ्यालगतच्या लोकांनी सावध राहावं: आमच्या विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं आणि तेच आपण गाडीला मारतो. शेवटचं पाणी टाकीतल्या पावसाच्या पाण्याचं मारलं. मग तारेच्या ब्रशने खपल्या काढून, रस्ट कन्व्हर्टर, झिंक प्रायमर, आणि बंद पोकळ्यांत लांब नळीने मेण. काळं जाड अंडरकोटिंग नको, त्याला तडा गेला की आत पाणी कोंडतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

ब्रेकचे पाइप तांबं-निकेलचे घातले. ब्रेक ऑइल डॉट ४, दर वर्षी नवीन, कारण ते हवेतलं पाणी शोषतं. नव्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, पाणी प्यायलेल्याचा १५५ पर्यंत येऊ शकतो, आणि आंबोली घाट उतरताना ब्रेक तापतात, तेल उकळलं तर ब्रेक लागत नाही. पेट्रोलचे होजही बदलले, वीस टक्के इथेनॉलच्या जमान्यात जुन्या रबरावर माझा भरवसा नाही. इंजिनाचा टायमिंग बेल्ट किलोमीटर न बघता वय बघून बदलला. हे इंजिन रेनॉच्या ट्विंगो आणि क्लिओतही होतं, सामान शोधताना तीच नावं घाला, स्टॉर्म म्हटलं तर दुकानदार छत्री दाखवेल.

"एवढं केलंस तर इंजिनच मोठं टाक" म्हणणारे भेटतातच. पंधरा वर्षांपुढच्या गाडीचं आरसी दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून वाढवून घ्यावं लागतं आणि तिथे इंजिन नंबर जुळावा लागतो. तेही सोडा. या गाडीला जास्त ताकद नको, कमी अडथळे हवेत.

आता उरलाय टप. कापडावरची बुरशी सौम्य साबणाने गेली, पण काचेला लागणारं रबर कडक झालंय आणि वारा-पाऊस दोन्ही आत येतात. मूळ रबर मिळत नाही. एका टोकाचा तुकडा कापून, छेद मापून कागदावर काढलाय आणि कोल्हापुरात रबर एक्स्ट्रूजनवाल्याकडे (साच्यातून रबराच्या लांब पट्ट्या काढणाऱ्याकडे) विचारणा चालू आहे. किमान शंभर मीटर घ्यावं लागेल म्हणतात. मला फार तर सहा लागेल, तेव्हा कुणाच्या स्टॉर्मला हवं असेल तर माप आधी जुळवून घ्या, मग ऑर्डर देऊ.