आमची वाटचाल : मडगार्ड आणि बॉडीच्या सांध्यातली बीडिंग

जुनी गाडी नव्याने उभी राहिली की लोक रंगाची चमक पाहतात, क्रोम पाहतात. आमच्या वर्कशॉपचं नाव झालं ते मडगार्ड आणि बॉडीच्या मधल्या बीडिंगवर, म्हणजे सांध्यात दाबून बसवलेल्या पट्टीवर, जिचा फक्त गोल काठ बाहेर दिसतो, आणि याचा आम्हाला अभिमान आहे. फोटो दुसऱ्या वर्कशॉपवाल्यांचे छापून आले. पण मडगार्ड चढवायची वेळ आली की त्यांच्याच गाड्या आमच्या दारात उभ्या राहायच्या.

सुरुवात दोघांची. मी डेंटर, भागीदार सीट-कव्हर शिवणारा. तयार बीडिंगचा गोल, म्हणजे तो गोल काठ, जुन्या गाडीच्या मापाशी जुळत नसे, म्हणून तो रेक्झिनची पट्टी दोरीवर दुमडून शिवायचा. रेक्झिन तिरकं कापलेलं, म्हणजे वळणावर सुरकुती पडत नाही. दोरी नायलॉनची, सुती दोरी पाणी पिते आणि पत्र्याला गंज लावते. टाका दोरीला अगदी लगटून हवा, नाहीतर बोल्ट आवळताना दोरी सरकते आणि गोल चपटा होतो.

मग ते वर्ष आलं. एका पुरवठादाराकडून आलेल्या पीव्हीसी बीडिंगमधला मऊपणा आणणारा तेलकट घटक बाहेर झिरपायला लागला. जिथे बीडिंग टेकली तिथे रंग मऊ पडला, डाग उठले. पुरवठादाराने हात वर केले आणि शेजारच्या स्पर्धकाने ‘यांचा रंगच कच्चा’ असं गावभर केलं. कामं थांबली, वर्कशॉपला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा आमचे एक जुने ग्राहक स्वतःची फोक्सवॅगन बीटल घेऊन आले आणि म्हणाले, चारही मडगार्ड काढा, बघू तरी. काढले. बीडिंगखालचा रंग नखाने निघत होता. तिथून दोन बोटं आतला, त्याच दिवशी मारलेला रंग दगडासारखा कडक होता. रंग कच्चा असता तर दोन्हीकडे मऊ लागला असता. हे ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवलं. स्पर्धकाने आजवर शब्द मागे घेतलेला नाही.

तेव्हापासून नव्या लॉटचा तुकडा रंगवलेल्या पत्र्यावर क्लॅम्पने दाबून उन्हात ठेवल्याशिवाय आम्ही वापरत नाही. तुम्हीही वापरू नका.

आता बसवण्याबद्दल, कारण इथेच घाई होते. रंगाआधी बीडिंगसकट एक कच्ची फिटिंग करायचीच. पट्टीच्या जाडीने मडगार्ड बाहेर सरकतं आणि भोकं चुकतात, विशेषतः नवीन बनावटीच्या मडगार्डची. भोक गोल कानशीने लांबट करा. बोल्ट तिरका घुसवलात तर आतला वेल्ड केलेला नट सुटून फिरत राहील. नटांमधून बोल्टच्या मापाचा टॅप, म्हणजे आटे साफ करायचं हत्यार (बीटलला एम८, म्हणजे ८ मिमीचा), फिरवून जुना रंग आणि गंज काढा. सांध्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या, आतपर्यंत रंगवा आणि रंग पूर्ण सुकू द्या.

फिटिंगला दोन माणसं लागतात. सगळे बोल्ट हातानेच तीन-चार फेरे धरवा, मध्ये ५-६ मिमी फट ठेवा. बीडिंग कोमट पाण्यात मऊ करून घ्या, पण ताणू नका. ताणलेली बीडिंग नंतर आखडते आणि टोकाशी पत्रा उघडा पडतो. दोन्ही टोकांना ३०-४० मिमी जास्त सोडा. पट्टीला बोल्टच्या जागी उलट्या यू आकाराचे काप द्या, म्हणजे ती बोल्टवर वरून बसते. बाहेर फुगलेल्या वळणावर पट्टी आत गोळा होते, तिथे व्ही आकाराचे काप हवेत. आत दबलेल्या वळणावर साधी चीर पुरते. काप गोलाच्या २-३ मिमी अलीकडेच थांबवा. गोलापर्यंत गेलात की तिथे बीडिंग मोडते आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

आवळताना मधल्या बोल्टपासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला की तिथे गोल आत ओढला जातो आणि शेजारी उचलतो. प्रत्येक फेरीला एकाने आतून पाना धरायचा, दुसऱ्याने नायलॉनच्या पट्टीने गोल सरळ करायचा. शेवटी आवळायचा जोर १२ ते १५ न्यूटन-मीटर भरपूर झाला.

सांध्यात सिलिकॉन भरून काम लवकर उरकणारे आजही आहेत. आंबट वासाचं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, उघड्या पत्र्याला गंज लावतं, आणि पुढे कुणी तिथे रंग मारला तर तो धरत नाही. भरायचंच असेल तर न सुकणारं ब्युटिल (रबरी सीलंट) भरा आणि आतल्या बाजूने पोकळीत मारायचं मेण फवारा. टोकं कापायची ती सगळे बोल्ट पुन्हा एकदा तपासून झाल्यावरच.