वजनाआधी साखर

"वजन तर चारच किलो उतरलंय, मग इन्सुलिन कसं काय बंद केलं?" रंकाळ्यावर बसल्या बसल्या आत्यानं विचारलं. पोटाची बायपास होऊन १२ दिवस झालेत. १४ वर्षं टोचलेली सुई सुटली, याचीच तिला धास्ती.

मी सांगितलं, जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला थेट पुढं जोडतात. अन्न खालच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-१ हे संप्रेरक जास्त सुटतं आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला जागं करतं. खाणं घटल्यानं यकृतही साखर कमी सोडतं. म्हणून वजनाआधी साखर उतरते.

काहींची काही वर्षांनी परत वाढते, हे सांगताना माझाच आवाज बसला.

"मग तपासत राहू की," ती म्हणाली.

इतकी वर्षं आम्ही सगळे तिला "तोंडावर ताबा ठेव" एवढंच म्हणत आलो. तिच्या आतड्यांचं काय चाललंय, हे कुणी विचारलं होतं?