पर्सेपोलिसचं पगारपत्रक

निपाणीत तंबाखूच्या वखारीत हजेरी आणि पगाराची वही माझ्याकडे असते. बायका जर्दा निवडतात, मी त्यांचे दिवस मांडते. म्हणूनच अडीच हजार वर्षांपूर्वीच्या इराणच्या हखामनी साम्राज्यात माझा जीव अडकला तो तिथल्या हिशेबात.

1933-34 साली शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ हर्ट्झफेल्ड यांना या साम्राज्याची राजधानी पर्सेपोलिस इथल्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्या सापडल्या. सम्राट दारियसच्या काळातल्या, इ.स.पू. 509 ते 493 मधल्या. कुणाला किती धान्य, किती वाईन, किती मेंढ्या दिल्या, याची ही नोंद. बऱ्याच पाट्यांवर देणाऱ्याचा शिक्का वेगळा, घेणाऱ्याचा वेगळा. राजे फारसी, पण हिशेब बहुतेक एलामी या तिथल्या जुन्या भाषेत, काही अरामीत, आणि एक पाटी तर ग्रीकमध्ये. कानडी कागद बघून मराठीत वही लिहिणाऱ्या आम्हा लोकांना यात काही नवल वाटायचं नाही.

प्राचीन इराणात बाळंतिणीला खास भत्ता मिळायचा, असं नेटवर फार कौतुकानं सांगतात. ते खरं आहे. पण पगारपत्रक वाचायचं तर सगळे रकाने वाचावेत. मुलगा झाला तर आईला सुमारे 20 लिटर धान्य आणि 10 लिटर वाईन. मुलगी झाली तर बरोबर निम्मं. हा आकडा बघून मला संताप आला, अजूनही येतो. काही कामांत बाई आणि पुरुषाला सारखा शिधा होता, हेही तिथंच लिहिलंय. पण साध्या कामावरच्या पुष्कळ बायकांना महिन्याला 20 लिटर धान्य, पुरुषाला 30. आणि या सगळ्या कारभाराचा प्रमुख पर्नाक्का? त्याला रोजचं 180 लिटर पीठ, 90 लिटर वाईन आणि 2 मेंढ्या. त्यात त्याच्या हाताखालची माणसंही जेवत असतील, धरून चालू. तरी रोजचं ते रोजचं आणि महिन्याचं ते महिन्याचं.

मजुरांच्या टोळ्या दूरदूरच्या होत्या: इजिप्तच्या, लिशियाच्या, थ्रेसच्या, आयोनियाच्या. टोळी कुठली ते लिहिलंय, माणसं किती ते लिहिलंय, मुकादमाचं नावही आहे. कामगारांची नावं मात्र बहुतेक ठिकाणी नाहीतच. ती आपखुशीनं आली होती का, काम सोडून घरी जाऊ शकत होती का, हे शिध्याच्या आकड्यावरून ठरत नाही. म्हणून ‘सगळ्यांना मोबदला मिळायचा, म्हणजे सगळे सुखी’ हा निष्कर्ष मला मान्य नाही.

पुढच्या काळातल्या, पर्सेपोलिसच्याच खजिन्यात सापडलेल्या पाट्यांत मोबदल्याचा काही भाग चांदीत दिलेला दिसतो. 1 मेंढी म्हणजे 3 शेकेल (शेकेल हे चांदीचं वजन), 1 घडा वाईन म्हणजे 1 शेकेल. दर सरकारनं बांधलेला. बाजारात मेंढी महागली की नुकसान कुणाचं, हे पगार वाटणाऱ्या कुणालाही विचारा.

मला सगळ्यात जास्त वाचायचंय ते काही टोळ्यांवरच्या बाई-प्रमुखांबद्दल. एलामीत त्यांना ‘अरश्शरा’ म्हणत. त्यांना महिन्याला 50 लिटर धान्य, 30 लिटर वाईन, शिवाय मेंढीच्या मटणात वाटा. म्हणजे साध्या कामावरच्या पुरुषापेक्षा कितीतरी जास्त. टोळीतल्या बायकांत भांडण झालं, कुणाचा शिधा कमी भरला, तर त्या कुणाकडे दाद मागत असतील, हे शोधत मी सध्या एलामीचे अभ्यासक हॅलक यांनी 1969 मध्ये छापलेल्या दोन हजारांवर पाट्यांची भाषांतरं वाचतेय, रोज वखार सुटल्यावर.