ऑन्टारियोत पॅरालीगल होताना

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात, ब्रॅम्प्टनमध्ये आम्ही एका बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. एका संध्याकाळी घरमालकाने दारातच सांगितलं, "मुलाला जागा हवी आहे, महिनाअखेरीला खोल्या मोकळ्या करा." पुण्यात अकरा महिन्यांचे करार संपले की सामान बांधायचं, एवढीच आम्हाला सवय. दुसऱ्याच दिवशी मी दुकानांतून रिकामी खोकी आणायला लागले.

शेजारच्या काकूंनी आम्हाला एका पॅरालीगलकडे, म्हणजे ठराविक कायदेशीर कामं करायचा परवाना असलेल्या बाईकडे पाठवलं. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "त्याने एन १२ दिलाय का?" आम्ही ते नावही ऐकलं नव्हतं. मग तिने समजावलं. मुलासाठी घर हवं असेल तर मालकाने त्या फॉर्मवर लेखी नोटीस द्यायची, किमान ६० दिवसांची, आणि एका महिन्याच्या भाड्याइतकी भरपाईही द्यायची. इतकं करूनही भाडेकरू निघाला नाही, तर त्याला बाहेर काढायचं की नाही हे लँडलॉर्ड अँड टेनंट बोर्ड सुनावणी घेऊन ठरवणार. तिने मालकाला एक पत्र लिहिलं. आम्ही त्या घरात आणखी दोन वर्षं राहिलो, आणि त्याच दोन वर्षांत पॅरालीगल व्हायचा माझा निर्णय झाला.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे वकील होणार का गं तू?" वकील नाही. आपल्याकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल स्वयंसेवक असतात, तेही वेगळे. अमेरिकेत पॅरालीगल वकिलाच्या हाताखाली काम करतो. ऑन्टारियोत मात्र १ मे २००७ पासून ज्या लॉ सोसायटीकडून वकिलांना परवाना मिळतो, तिथूनच पॅरालीगललाही मिळतो. त्याला पी १ म्हणतात. तो असला की स्वतःचं ऑफिस थाटता येतं आणि अशिलाच्या वतीने उभं राहता येतं: स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट), वाहतुकीच्या चलनांच्या खटल्यांत, भाडेकरूंच्या बोर्डासमोर, काही किरकोळ फौजदारी प्रकरणांत. स्मॉल क्लेम्सची मर्यादा १ ऑक्टोबर २०२५ पासून ३५ हजारांवरून ५० हजार डॉलरवर गेली, त्यामुळे हे काम किरकोळ राहिलेलं नाही. मृत्युपत्र, घराची खरेदी-विक्री ही कामं मात्र वकिलाकडेच.

या परवान्यासाठी लॉ सोसायटीने मान्यता दिलेला कॉलेजचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. हंबर, सेनेका, अल्गॉन्क्विन अशा कॉलेजांत तो आहे. मी दोन वर्षांचा डिप्लोमा केला; पदवीधरांसाठी कमी मुदतीचे अभ्यासक्रमही असतात. करार, पुरावा, भाडेकायदा, व्यावसायिक आचारसंहिता, अशिलाचे पैसे वेगळ्या ट्रस्ट खात्यात ठेवण्याचा हिशेब, असे विषय. कॅनली या मोफत संकेतस्थळावर कोर्टांचे निकाल शोधण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या, आणि त्या मला फार आवडल्या.

अवघड गेलं ते उभं राहून बोलणं. वर्गात लुटुपुटुची सुनावणी असायची. स्मॉल क्लेम्सच्या न्यायाधीशांना 'युअर ऑनर' म्हणायचं, चलनाच्या कोर्टात जस्टिस ऑफ द पीस असेल तर 'युअर वर्शिप'. आपल्या बाजूच्या साक्षीदाराला प्रश्न विचारताना आपणच उत्तर सुचवायचं नाही, हे अंगवळणी पडायला मला अख्खं सत्र लागलं.

मग किमान १२० तासांचं प्रत्यक्ष काम. माझं एका लहान ऑफिसात झालं, आणि खरं शिक्षण तिथलं. तिथे भिंतीवर तारखांचं मोठं कॅलेंडर होतं. स्मॉल क्लेम्सचा दावा हातात पडल्यापासून २० दिवसांत उत्तर दाखल करायचं, चलनाला १५ दिवसांत. एक ट्रकचालक चलन घेऊन आला होता. दंडाची रक्कम त्याला जड नव्हती, पण लायसन्सवर जमा होणारे डीमेरिट पॉइंट आणि वाढणारा विमा यांनी त्याची रोजीरोटीच धोक्यात आली होती. इंग्रजीत तो हो-नाही एवढंच बोलायचा. मी हिंदीत विचारल्यावर अर्धा तास बोलला. बचावाला लागणारी बहुतेक माहिती त्या अर्ध्या तासातच मिळाली.

परवाना परीक्षा ओपन बुक असते, म्हणून ती सोपी असं समजू नका. बहुपर्यायी प्रश्न, आणि अभ्याससाहित्य शेकडो पानांचं. कुठला नियम कुठल्या पानावर, याची अनुक्रमणिका मी स्वतः बनवली. तिला पाच आठवडे लागले. शिवाय चारित्र्याची चौकशी होते. पुढे व्यावसायिक विमा सक्तीचा, आणि दरवर्षी १२ तासांचं प्रशिक्षण.

आता गणपतीच्या कार्यक्रमात कुणी हळूच विचारतं, "त्यांच्या भाड्याच्या केसचं काय झालं गं?" मी आरतीचं ताट पुढे करते. अशिलाचं नावसुद्धा आपल्या तोंडून जाता कामा नये, आणि आपल्या लहानशा मराठी समाजात ते फार जपावं लागतं.

मागच्या आठवड्यात नाशिकहून भाच्याचा फोन आला. त्याला इथे हाच कोर्स करायचाय. एजंटने त्याला 'लॉ क्लर्क'चा, म्हणजे वकिलाच्या ऑफिसातल्या मदतनिसाचा कोर्स दाखवला होता. त्यातून हा परवाना मिळत नाही. भारतातली एलएलबी झालेल्यांना इथे वकील व्हायचं असेल, तर एनसीए या परदेशी कायदा-पदव्या तपासणाऱ्या समितीकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यायचा रस्ता निराळा. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा शिक्षणानंतरचा वर्क परमिट अभ्यासक्षेत्राशी जोडला गेलाय. तेव्हा कोर्स लॉ सोसायटीच्या मान्य यादीत आहे का आणि वर्क परमिटच्या यादीत बसतो का, हे आधी त्या याद्यांत स्वतःच्या डोळ्यांनी बघ, असं त्याला सांगितलंय. तोवर एजंटला एक रुपयाही द्यायचा नाही.